पंख्यावरचं पीठ आणि मधला कप्पा

२ मार्च
लोकांना फसवायला स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू, आजअखेर: मक्याच्या पिठाचा हिरवा शेंबूड. सांडलेलं दूध, न वाहणारं. कॉफीचा चिखल. बिटाची शाई, धुतली की जाणारी. सोडा-व्हिनेगरचा फेस, झाकण उडवणारा. सगळं स्वयंपाकघरातल्या सामानातून. क्लास लावला नाही, कुणी शिकवलं नाही. बरण्यांना लेबलं लावली.
फसलेली माणसं: शून्य. अजून सुरुवात आहे. (चौथं वर्ष.)

४ मार्च
बायकोने ओट्यावरच्या मधल्या कप्प्याचा विषय काढला. तिथे माझ्या बरण्या असतात, तिला तिचे डबे ठेवायचेत. म्हणाली, अहो, रविवारी माझा भाऊ येतोय, त्याला एकदा तरी फसवून दाखवा, नाहीतर कप्पा रिकामा करा. लगेच मान्य केलं.
मेहुण्याचा अभ्यास सुरू. औषधांचं दुकान. नाकात जरा काही गेलं की लागोपाठ तीन शिंका, तिसरी शिट्टीसारखी. नोंद केली.

६ मार्च
सराव. लेकीच्या वहीवर सांडलेलं दूध ठेवलं. चकाकी अगदी खऱ्यासारखी. ती म्हणाली, बाबा, दुधाखाली पेपर का घातलाय? म्हटलं, आता वही खराब होऊ द्यायची की काय? हल्लीच्या मुलांना बारकावे कळत नाहीत.

७ मार्च
फेसाच्या बाटलीचं झाकण उडेना. का उडत नाही ते बघायला वाकलो. उडालं. चाचणी यशस्वी. चष्म्याला अजून व्हिनेगरचा वास.

९ मार्च, रविवार, सकाळ
पंख्याच्या पात्यांवर पीठ पसरलं. तीनदा चाळून, मेहुण्याच्या डोक्यात गुठळी पडली तर अब्रू माझी जायची. प्रत्येक पात्यावर सारखं, पंखा डगमगायला नको. घर खराब होऊ नये म्हणून सोफा, टीपॉय, टीव्ही जुन्या चादरींनी झाकले. कप्पा वाचला असं समजायला हरकत नाही.

संध्याकाळ
मेहुणा उंबऱ्यावरच थांबला. म्हणाला, भाऊजी, रंगकाम काढलंय का? म्हटलं छे छे, या, बसा, उकडतंय, पंखा लावतो. तो म्हणे, नको, इथेच वारा छान आहे. शेवटी बटण दाबून दाखवावंच लागलं. पीठ अप्रतिम उडालं. सगळं माझ्यावर. लेक म्हणाली, बाबा, हलू नका, फोटो काढते.
मात्र मेहुण्याला दारात तीन शिंका आल्या. म्हणजे अर्धा फसला. तेव्हा कप्पाही अर्धाच रिकामा करीन, असं बायकोला स्पष्ट सांगितलं. ती भावाला घेऊन आत गेली. दोघं बराच वेळ कुजबुजत होते. हरल्यावर माणसांचा आवाज असाच खाली येतो.

१० मार्च
दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. खेळण्यांच्या मोठ्या कंपनीचे साहेब. आवाज नाकातून, परदेशात शिकलेले असावेत. माझं नाव त्यांच्यापर्यंत कसं पोहोचलं, विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतं. म्हणाले, तुमच्या सगळ्या कृती विकत घेतो, वीस हजार देतो. अट एकच, यापुढे घरात प्रयोग बंद, कप्पा आजच रिकामा. मधेच बिचाऱ्यांना तीन शिंका आल्या. तिसरी शिट्टीसारखी. मोठ्या ऑफिसांतही झाडलोट धड होत नाही.
बायको दारात उभी राहून, हो म्हणा, हो म्हणा, अशा खुणा करत होती. तोंडात रुमाल, डोळ्यांत पाणी. तिला माझा अभिमान वाटतो, बोलून दाखवत नाही एवढंच. मी म्हणालो, साहेब, कला विकायची नसते. ते म्हणाले, थांबा, ताईला विचारून वाढवतो. (मालकीणबाई असाव्यात.) तेवढ्यात बायकोचा मोबाइल वाजला, तिने घाईने बंद केला. साहेबांनी लगेच आकडा दुप्पट केला. तरीही नाही म्हणालो. फोन आपटल्याचा आवाज आला.
खुद्द कंपनी मागे लागल्यावर बायको कुठल्या तोंडाने कप्पा मागणार? डोक्याला हात लावून बसली आहे. बरण्या जागच्या जागी.

या घरात आजअखेर फसलेली माणसं: शून्य.
नाकारलेली ऑफर: सर्व कृती, कप्प्यासकट. चाळीस हजार.