'उद्या नक्की' म्हणजे कधी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग फक्त कागदावर.) तुझं नर्सिंगचं प्रशिक्षण आणि तुझा खोकला, दोन्ही संपत आले असतील अशी आशा करतो. तुझी पिटुकली मजेत आहे. दूध पिते, तक्रार करत नाही आणि दिवसभर माझ्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाखाली ठाण मांडून असते.

ताई, या चार वर्षांच्या पोरीपुढे मी हात टेकले. तिला कोणी काही शिकवत नाही, मला तर मान वर करायला फुरसत नसते. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची बाही बघून मी "उसवली" एवढंच पुटपुटलो. संध्याकाळी मटार सोलताना ही म्हणते, मामा, ही शेंग उसवत नाही. दुसऱ्या दिवशी मी जांभई दिली, तर माझं तोंड उसवलं म्हणाली! (हाच शब्द शिकताना मी वडिलांच्या किती टपल्या खाल्ल्या, तू साक्षीदार आहेस.) अर्थ म्हणून कधी विचारत नाही. कोण, कधी, काय झाल्यावर काय म्हणतं, तेवढं बघत राहते आणि शब्द खिशात टाकते.

घोळ झाला तो यातूनच. माझ्या तोंडी दिवसातून वीस वेळा काय असतं, ते तुला ठाऊक आहे. मंगळवारी मुख्याध्यापिकाबाई कोटासाठी पाचव्यांदा आल्या. मी तोंड उघडायच्या आत टेबलाखालून आवाज आला, "उद्या नक्की!" बाईंनी खाली वाकून कौतुकाने विचारलं, म्हणजे कधी गं? तर ही म्हणते, "म्हणजे तुम्ही आता घरी जायचं." बाई कापड उचलून चालत्या झाल्या. आमच्या कारागिराने हसता हसता बोटात सुई टोचून घेतली. मला राग आला, पण खरं सांगू? इतका नेमका अर्थ कुठल्या शब्दकोशात मिळायचा नाही.

हसू बुधवारी आटलं. तू फोनवर तिला, पंधरा तारखेला नक्की येते, म्हणालीस. तिने फोन माझ्या हातात दिला, आत गेली आणि पिशवीतले सगळे फ्रॉक काढून माझ्या कपाटाच्या खालच्या फळीवर रचून ठेवले. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "आई नाही येणार. नक्की म्हणाली ना." ती रडली नाही. मीच रडलो, ताई.

समजावून पाहिलं, पण जे ती डोळ्यांनी बघून शिकलीय, ते माझ्या बडबडीने कसं पुसणार? म्हणून बाईंच्या घरी जाऊन, कान धरून कापड परत आणलं. शनिवारी चारला देतो म्हणालो आणि आज चारच्या ठोक्याला कोट पिटुकलीच्याच हातून दिला. ती घड्याळाकडे, कोटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग एक फ्रॉक पुन्हा पिशवीत गेलाय.

तुझा,
धाकटा

ता. क. पंधराला ये. सकाळच्याच गाडीने. चुकलीस तर मी एवढ्या मेहनतीने घातलेला टाका उसवेल.

आणखी ता. क. दोन हिवाळ्यांपूर्वी अस्तर बदलायला दिलेला तुझा हिरवा कोटही पंधराला मिळेल. (अजून हातात घेतलेला नाही. ओरडू नकोस.)

शेवटचं. पिटुकली विचारत होती, काय लिहितोस. आईला ये म्हणून लिहितोय, म्हटलं. तर म्हणाली, "नक्की लिहू नकोस हं, मामा. मग ती येईल."