गोव्याचे दोन विमानतळ

५ एप्रिल, रविवार. राजेश्वर गाव

सकाळी शिल्पाचा फोन. नात्यानं धाकटी जाऊ, पण बोलती थोरल्यावानी. अव्वांना समुद्र दाखवायचं ठरलंय म्हणे. ठरलंय! कुणी ठरवलं? तिनं आन् तिच्या नवऱ्यानं, शिवूनं, कलबुर्गीत बसून. बसव जयंती झाली की गोवा. आम्ही दोघं, ते दोघं, अव्वा आन् माझी भागू. हैदराबादहून विमान.

अव्वा फोन कानाला लावून लहान पोरीसारख्या हसायल्या. माझ्या सासूबाईंनी चौऱ्याहत्तर वर्षांत समुद्र बघितला न्हाई.

आजवर ह्या घराची सगळी जाणी-येणी मी ठरवली. श्रीशैल, उळवीची यात्रा, लग्नांची वऱ्हाडं. कुणाला गाडी लागती, कुणाला खिडकी लागती, समदं माझ्या डोक्यात. आता मला विचारायची पण गरज न्हाई.

९ एप्रिल, गुरुवार

शिल्पाची यादी आली. विमान सकाळी लवकर, म्हणून आदल्या दिवशी शमशाबादला विमानतळाजवळ लॉज. तीन खोल्या. आम्ही दोघं एकीत. अव्वा आन् शिवू एकीत. शिल्पा आन् भागू एकीत.

भागू लेक माझी. पीयूसीची, मंजे अकरावी-बारावीची दोन वर्षं काकूकडं राहिली. शिल्पाला लेकरू न्हाई, तिला पण सोबत होईल, असं मीच म्हटलं होतं. मीच.

फोन करून म्हटलं, लॉजवर माझ्यापाशी झोप की. "चिल आई. काकूनं ठरवलंय ना." चिल! हा शब्द शिल्पाचा.

१२ एप्रिल, रविवार

भागू घरी आली. केस खांद्यापर्यंत कापलेले. "काकूनं नेलं होतं." सोळा वर्षं तेल लावून वाढवलेले केस. जेवताना भागू म्हणती, काकू आमटीत चिंच कमी घालती.

रात्री ह्यांना म्हटलं, पोरगी बदलली. तर म्हणाले, "मोठी झाली. तू कामून जळायलीस?"

जळायलीस. सरळ तोच शब्द.

१५ एप्रिल, बुधवार

शिल्पानं तिकिटं आन् गोव्यातल्या गाडीवाल्याचा कागद फोनवर पाठवला. "अक्का, एकदा नजर घाला. मला कामाच्या गडबडीत काही सुचंना. तुमच्या नजरंतून काही सुटत न्हाई."

चष्मा लावून वाचलं. तिकिटावर मोपा. गाडीच्या कागदावर दाभोळी. वाटलं, एकाच जागेची दोन नावं असतील. नकाशा उघडला. गोव्यात विमानतळ दोन. एक पार वर, एक खाली, मधी दीड-दोन तासांचा रस्ता. आम्ही उतरणार वरच्या, गाडी थांबणार खालच्या.

"शिल्पा, चूक" एवढं लिहिलं आन् पुसलं. फोन कितीतरी वेळ मांडीवर. मग लिहिलं, "बरोबर आहे."

तिनं जोडलेले हात पाठवले.

१८ एप्रिल, शनिवार

अजून दिवस आहेत, कधी पण सांगता येतं. असं रोज सकाळी म्हणते.

मनात चित्र तयार आहे. सगळे विमानतळाबाहेर उभे, गाडी न्हाई. भागू काकूकडं बघती, मग माझ्याकडं वळती. "आई, आता?" मी शांतपणे फोन काढते, दहा मिनिटांत मोठी गाडी हजर. मोपाच्या एका गाडीवाल्याचा नंबर काढून पण ठेवलाय. मंजे कुणाचं नुकसान न्हाई. फक्त कळंल सगळ्यांना.

अव्वांनी प्रवासासाठी नवीन लुगडं काढलं, घडी मोडून परत घातली. चारदा.

२३ एप्रिल, गुरुवार. शमशाबाद

दुपारी निघालो, झहीराबादला चहा. लॉज चांगलं आहे. शोधून खोट सापडंना. अव्वांची खोली लिफ्टजवळ, न्हाणीत धरायला दांडा. विमानतळावर सोडायला लॉजचीच गाडी. चाकाची खुर्ची पण सांगून ठेवलीय. मला खुर्ची सुचली नसती. हे लिहायला जड जायलंय.

संध्याकाळी भागूला तेलाची बाटली द्यायला गेले. दार अर्धं उघडं. शिल्पा भागूच्या नखांना रंग लावायली होती. भागू सांगायली, बेंगळुरूच्या कॉलेजची भीती वाटती, झोप येत न्हाई. "आईला नको सांगू, काकू."

बाटली घेऊन तशीच परत आले. सांगायचं असलं तर आजच होतं. न्हाई सांगितलं.

२४ एप्रिल, शुक्रवार. गोवा



विमान वेळेवर. अव्वा खिडकीशी, खाली ढग बघून हात जोडले. मोपाला बाहेर आलो. शिल्पानं गाडीवाल्याला फोन लावला. तो दाभोळीला तिच्या नावाची पाटी धरून उभा. तिचं तोंड उतरलं.

मी काढून ठेवलेला मोपाच्या गाडीवाल्याचा नंबर लावला. "गाडी बाहेर गेलीय मॅडम, दुपारी मिळेल." परत लावला. तेच. माझ्या चित्रात हे नव्हतं.

दाभोळीचा गाडीवाला म्हणाला, थांबा, येतो तिकडं. टॅक्सीला ही लांब रांग. शिवू रांगेत, हे फोनवर. अव्वांनी सकाळी साखरेच्या आजाराची गोळी घेतलेली, खायचं मात्र गाडीत बसून खाईन म्हणाल्या होत्या. दोन तास गेले. मला वाटलं, पेंगायल्यात. भागूनं हात धरला आन् ओरडली, "आई, अव्वाला घाम बघ!" हात थरथरायले, बोलणं लटपटायलं. शिल्पा पळत जाऊन रस घेऊन आली, घोट घोट पाजला. मी पाठ धरून बसले. थोड्या वेळानं डोळे नीट उघडले. "काय झालं गं? कामून रडायल्यात दोघी?"

तोवर मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत न्हाई.

दाभोळीची गाडी आली तेव्हा हे शिल्पावर सगळ्यांदेखत ओरडले. "एक कागद नीट वाचता येत न्हाई?"

"चुकलं भावजी. माझंच चुकलं."

अक्कांना दाखवला होता, असं एका शब्दानं बोलली न्हाई. माझ्याकडं बघितलं पण न्हाई. मी तिथंच उभी होते, पाण्याची बाटली धरून.

२५ एप्रिल, शनिवार

अव्वा बऱ्या आहेत. समुद्रात दोन लेकांच्या मधी उभ्या राहिल्या, लाट आली की पाय उचलायच्या. नवीन लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. मागं वळून म्हणाल्या, "शिल्पा, तुझ्यामुळं बघितला गं बाई."

भागू सकाळपासून काकूचा हात सोडंना, काकू रडली म्हणून. चूक तिची ठरली, तरी जवळची तीच.

आन् एवढं सगळं होऊन, ते दोन हात बघून, मी परत जळले. लाज वाटली. तरी जळलेच.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी व्हरांड्यात शिल्पा दोन कप घेऊन आली. परतीचे कागद माझ्यापुढं ठेवले. "परतीचं तुम्ही बघा अक्का. गाडी, हैदराबाद, समदं. मला आता भ्या वाटायलंय."

विचारलं, "माझ्यावर राग न्हाई ना तुझा?"

"कामून?" म्हणाली आन् पाण्याकडं बघत चहा संपवला. मग म्हणाली, "कॉलेज सुरू होईस्तोवर भागूला राजेश्वरलाच राहू दे. मी सांगितलंय तिला. मनातलं तुम्हाला सांग म्हटलंय."

तिला ठाऊक आहे? का माझी नजर खरंच चुकली असं समजती? तोंडावरून काही कळंना. माझी भागू पण तीच मला परत देऊन मोकळी झाली, आन् मला ते घेताना पण जळणं सुटंना.

दुपारी गाडीवाल्याला फोन केला. विमानतळाचं नाव त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

आता समोर शिल्पा अव्वांचे पाय चेपत बसलीय. हे आन् शिवू वाळूत गेलेत. भागू आत बॅग भरायलीय, तिला इथलं बोलणं ऐकू जाईल. शिल्पाला खरं सांगायचं पहिलं वाक्य ठरलंय. दुसरं सुचंना. अव्वांसमोर बोलायचं, का तिला बाजूला घ्यायचं?

तिनं मान वर केली. "अक्का, काय लिहायलाव एवढं? या की इकडं."

जाते. आधी ते पहिलं वाक्य, मग पुढचं.