सासूबाईंच्या कुजबुजीला होणाऱ्या शिक्षेबाबत

प्रति,
मा. न्यायाधीश,
दिवाणी न्यायालय, दालन क्रमांक तीन

विषय : न्यायालयाच्या अवमानाबद्दल माझ्या सासूबाईंना कैदेऐवजी सौम्य शिक्षा मिळणेबाबत.
संदर्भ : साक्षीदारास धमकावल्याचे प्रकरण, शिक्षेची सुनावणी येत्या सोमवारी.

महोदय,

१. ज्या साक्षीदारास धमकावले गेले, ती मीच. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझे धाकटे दीर त्यांच्या घरी बॅटऱ्या दुरुस्त करतात; सासूबाई तेव्हा त्यांच्याकडेच राहत. जुन्या बॅटऱ्यांतले आम्ल त्यांनी मोरीत ओतले आणि शेजाऱ्यांचा सांडपाण्याचा लोखंडी पाइप खाल्ला गेला. मी तिथे गेले असता त्यांना ओतताना पाहिले होते, म्हणून शेजाऱ्यांनी मला साक्षीला बोलावले.

२. मी पिंजऱ्याकडे निघाले, तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माझ्या पोराविरुद्ध एक शब्द जरी बोललीस ना, तर कायमची तुझ्याकडे राहायला येईन. याद राख!" त्यांच्या मते ही कुजबुज होती. प्रत्यक्षात ती व्हरांड्यातल्या शिपायापर्यंत पोचली, कारण श्रवणयंत्र त्यांनी पर्समध्ये ठेवले होते. (वकीलच बोलणार, मग बॅटरी कशाला जाळायची, हा त्यांचा विचार.) आपण समज दिलीत, त्यावर "सुनेच्या कानात सांगितलेलं तुम्ही कशाला ऐकलंत?" असे त्यांनी आपल्यालाच विचारले. हे विचारायला नको होते, हे मला मान्य आहे.

३. "सून मुळीच घाबरली नाही असं लिही," अशी त्यांची सूचना आहे. तसे लिहिता येत नाही. मी घाबरले होते. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. तरीही साक्ष खरी दिली. दिरांनी पाइप बदलून दिला. सासूबाईंनीही शब्द पाळला आणि त्याच संध्याकाळी ट्रंक घेऊन आल्या. धमकी अशा रीतीने पूर्णपणे अमलात आली असून तिच्यापासून आता कोणताही धोका उरलेला नाही.

४. आल्यावर त्यांनी माझ्या बरण्यांवरची लेबले काढून टाकली ("दिसतेय की साखर!"). माझे यजमान गॅलरीत झोपतात. यापलीकडे तक्रार नाही.

५. हल्ली मात्र दाराची घंटा वाजली की त्या उठून केस सारखे करतात. पिशवी भरून ठेवली आहे. तीत टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि यंत्राच्या बॅटऱ्या आहेत. ही बॅटरी शर्टाच्या बटणाएवढी. त्यांची बोटे थरथरतात, म्हणून ती मी बसवून देते. काल त्यांनी विचारले, "तिथं कोण गं बसवून देईल?" यंत्राविना त्यांना पहारेकऱ्याचा हुकूम ऐकू येणार नाही. त्याच्याविषयीचे मत त्या शेजारच्या बाईच्या कानात सांगतील, ते त्याला ऐकू जाईल, आणि शिक्षा वाढतच जाईल.

६. तरी त्यांना आपल्यासमोर माफी मागण्याची शिक्षा द्यावी. चारचौघांत मोठ्याने माफी मागायची त्यांना लाज वाटते. माझ्या कानात मागायला मात्र त्या तयार आहेत. तेवढी मुभा द्यावी. श्रवणयंत्र त्या वेळी माझ्या पर्समध्ये असेल. माफी आपल्या आसनापर्यंत स्पष्ट पोचेल, याची मी हमी देते.

सोमवारी दोघी हजर राहू.

आपली नम्र,
(सही)
साक्षीदार, तथा थोरली सून
दिनांक : शनिवार

सोबत :
१. कानाच्या डॉक्टरांचा दाखला.
२. सासूबाईंच्या वयाचा दाखला (कृपया मोठ्याने वाचू नये).