होल्ड म्हणजे राखण

आबा,

पायांवर डोकं ठेवतो. मी खुशाल आहे. रोडपालीची खोली हवेशीर आहे, जेवणाचा डबाही वेळेवर येतो. तुमचा गुडघा कसा आहे? खरं सांगा, नाहीतर अक्काला विचारीन.

न्हावा शेव्याच्या यार्डात कागद अडले की कंटेनरवर ‘होल्ड’ लागतो. म्हणजे थांबवा, हलवू नका. हातात काही धरलं तरी इंग्रजीत तेच म्हणतात. बाकीचे होल्ड लावून विसरून जातात. मी मात्र पाळी सुटण्याआधी फिरून अशा प्रत्येक कंटेनरवर हात ठेवून येतो, संध्याकाळी परतणाऱ्या मेंढरांच्या पाठीवर तुम्ही ठेवता तसा. नुसता नंबर वाचून माझी खात्रीच पटत नाही.

ऑफिसातल्या माधुरीताई हसल्या, “मेंढरं राखतोयस काय रे?” दुसऱ्या दिवशी त्यांनीच जाडजूड शब्दकोश आणून दाखवला. ‘होल्ड’चा सगळ्यात जुना अर्थ म्हणे गुरं राखणं. धरणं, थांबवणं हे सगळं नंतरचं. मग कोणी हसलं नाही.

इथून जवळच, विचुंब्याला ज्या शेतात आपण खतासाठी मेंढरं बसवायचो, तिथं आता इमारती आहेत. तुम्ही कळप विकायला काढलाय, असं अक्का म्हणाली. मी नको म्हणणार नाही. राखायला मीच तुमच्यासोबत नाही, तर कुठल्या तोंडानं म्हणू? फक्त गाडीत चढवताना एकेकीच्या पाठीवर हात ठेवा. तुमचा ठेवून झाला की पुन्हा एकदा, माझा म्हणून.

तुमचा,
बिरू