वेदीच्या कापडावरचा डाग

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने.

मी, खाली सही करणार, वय सहासष्ट, विधवा, मूलबाळ नाही. घरात मला थोरली म्हणतात आणि चर्चमध्ये, माझ्या पाठीमागे, इस्त्रीबाई. खुब्याचं हाड मोडलं असलं तरी डोकं शाबूत आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. कुणाच्या दडपणाखाली न येता, राजीखुशीने, हे माझं शेवटचं मृत्युपत्र लिहिते. याआधीचा मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला ते कलम तीनमध्ये येईल. खरं तर मी दमले आहे आणि एकदाच लिहून मोकळी होणार होते.

एक. बँकेत जे काही आहे, त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. उरेल ते मला शिकवणाऱ्या सिस्टरांच्या शाळेला द्यावं. आठ वर्षं मी त्यांच्या वसतिगृहात होते. खळीच्या वासाने भरलेली ती लांबट खोली अजून स्वप्नात येते. शिवणाच्या सिस्टर आमच्या हाताखालची घडी उलगडून म्हणायच्या, "पुन्हा. देवाला आतली बाजू दिसते." मी बाहेरच्या बाजूत पटाईत झाले.

दोन. त्याच सिस्टरांनी निरोपाच्या वेळी दिलेली पितळी कोळशाची इस्त्री चर्चच्या कपड्यांच्या खोलीत ठेवावी. एकतीस वर्षं वेदीची कापडं मी धुतली, खळ दिली, इस्त्री केली. पहिल्या धुण्याचं पाणी पवित्र, ते मोरीत नाही, झाडाच्या मुळाशी ओतायचं, हे नव्या बायकांना कुणीतरी सांगावं. त्या विसरतात. मी कधी विसरले नाही, आणि हे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही, यावरून वाचणाऱ्याने काय ते ओळखावं.

तीन. आता घर. मसुद्यात मी हे घर माझ्या धाकट्या जावेला दिलं होतं. ते देण्यामागे कारण होतं.

बावीस वर्षांपूर्वी बिशप आमच्या चर्चमध्ये येणार होते. सणाचं लेसवालं कापड मी कपड्यांच्या खोलीत विजेच्या इस्त्रीखाली घेतलं होतं. एवढ्यात गाडीचा आवाज आला. स्वागताच्या रांगेत पहिली उभी राहायला मी धावले, इस्त्री कापडावरच राहिली. जळका वास आला म्हणून धाकटी आत गेली आणि तिने इस्त्री उचलली. त्याच क्षणी आम्ही साऱ्या बायका दारात पोचलो. इस्त्री तिच्या हातात, कापडावर तांबूस डाग. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "किती वेळा सांगितलं, जे जमत नाही त्याला हात लावू नये!"

तिने इस्त्री जागेवर उभी ठेवली. बायकांनी तिचं नाव 'जळकी' पाडलं. तेव्हापासून ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. मी पापनिवेदनात दरवर्षी "गर्व केला" एवढंच मोघम सांगायचे. फादर बिचारे थोडक्यात प्रायश्चित्त देऊन सोडून द्यायचे.

यंदा मी न्हाणीघरात पडले. कुणाचं काही घ्यायचं नाही, हा माझा बाणा. पण गेले चार महिने मला आंघोळ धाकटीच घालते. पाठ चोळताना म्हणते, "जाऊबाई, अंग सैल सोडा हो, लाकडासारख्या काय बसता!"

म्हणून मसुद्यात लिहिलं, की घर तिला द्यावं, आणि माझ्या मागे चर्चच्या महिला मंडळासमोर वाचून दाखवावं की कापड मी जाळलं. गेल्या गुरुवारी वकीलसाहेब मसुदा मोठ्याने वाचत होते. धाकटी चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

"हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?" तिने विचारलं. "म्हणजे तेव्हाही तुम्ही खोलीत नसणारच. त्या दिवशीसारख्या."

वकीलसाहेब चष्मा पुसू लागले. मी म्हणाले, "चूक माझी होती गं." एवढ्याशा वाक्याला बावीस वर्षं लागली.

"ठाऊक होतं की मला."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"कुणी ऐकलं असतं? तुम्ही इस्त्रीबाई, मी कोण? पहिली चार वर्षं रोज तुमच्या नावाने बोटं मोडली. मग बोटंच दुखायला लागली. एक दिवस प्रार्थनेत तुमचं नाव आलं नि राग आलाच नाही. मी शोधला हो, खरंच. कुठे गेला कुणास ठाऊक. मी काही केलं नव्हतं त्याच्यासाठी."

मी म्हटलं, निदान घर तरी घे.

"नको. घर घेतलं की तुम्हाला वाटणार, फिटलं. मला फिटू द्यायचं नाही. तसंच घ्या, फुकट."

वकीलसाहेब समजुतीने म्हणाले, "ताई, आज नाही म्हणाल, पण बाईंनी लिहिलं तर मिळेलच तुम्हाला. फक्त साक्षीदार म्हणून सही करू नका. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही."

"हो का? मग साक्षीदार मीच. आणा पेन."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि तो जन्मभर वर धरून माझा खांदा भरून आला होता. तरी खाली घेववेना. ती गेल्यावर मी खूप वेळ रडले. मग झोपले, अशी की पडल्यापासून तशी झोप लागली नव्हती.

तेव्हा घर सिस्टरांना द्यावं. दवाखान्यातून सुटलेल्या, घरी कुणी नसलेल्या बायकांनी इथे राहून बरं व्हावं. माझ्या नावाची पाटी लावू नये. हे वाक्य मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, ठळक नको. तीही पाटीच." म्हणून साधं लिहिलं.

चार. मंडळासमोर वाचण्याचं कलम रद्द, कारण काल रविवारी चाकाच्या खुर्चीत बसून मी स्वतःच सांगितलं. वाटलं होतं, छत कोसळेल. निम्म्या जणींना ते कापड आठवेना. एकीने विचारलं, "कोणतं हो? निळ्या काठाचं?" माझा एवढा मोठा गुन्हा, आणि मंडळाला सहलीच्या गाडीची घाई. पण धाकटी काल दुसऱ्या बाकावर बसली होती, माझ्या शेजारी, आणि तिला कुणीही जळकी म्हटलं नाही.

पाच. ते डागाळलेलं कापड माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. माझ्या शवपेटीवर तेच घालावं, डाग वर दिसेल असं. त्याआधी त्याला इस्त्री करावी, आणि ती धाकटीनेच करावी. तिला जमते.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या आहेत. याची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. माझ्या आत्म्याचं काय करायचं ते प्रभूने ठरवावं. त्याबाबत मला काही अटी घालायच्या नाहीत.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: १२ मे, सोमवार

लिहून देणार: (सही) थोरली

साक्षीदार:
१. (सही) कोपऱ्यावरचे औषधवाले
२. (सही) धाकटी जाऊ