शिगानला कुणी घाबरत नाही

७ मे
सुट्ट्या संपल्या. आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेताना लिहून ठेवावं. पुढे मुलाखती घ्यायला येतात तेव्हा नेमकं काही आठवत नाही.

ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या ॲनिमेशन मालिकेची पटकथा माझ्याकडे आली आहे. डोंगरातल्या खिंडी राखणाऱ्या इतोहा नावाच्या मुलीची गोष्ट. नायिका काय, कुणीही लिहितं. मालिका लोकांच्या लक्षात राहते ती खलनायकामुळे. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण माझा एकही खलनायक कुणाला आठवत नाही. यात माझा दोष नाही. दिग्दर्शक भिकार मिळाले.

या वेळी तसं होणार नाही. नाव ठरलं: शिगान. म्हणजे मृत्यूचा डोळा. नुसत्या नावावर अख्खा एप्रिल घालवलाय.

संकल्प. रोज सकाळी लिहायचं. तेही हाताने, कारण कॉम्प्युटरवर खलनायकाला धार येत नाही. आणि या रविवारी चिचिबूला जाऊन आईचं कोतात्सू माळ्यावर टाकून यायचं. थंडी सरली तरी ते शेकायचं टेबल आणि त्याची ती मणभर गोधडी खोलीच्या मधोमध पडून आहे. तिला एकटीला उचलत नाही.

१० मे, रविवार
चिचिबू राहिलं. शिगानची शिंगं ठरवत होतो. आधी दोन होती, आता चार केली.

आईला फोन केला. म्हणाली, ते धूड पायात येतं रे, काल अंगठ्याला ठेच लागली. मी म्हटलं, तू हात लावू नकोस, मी येतोच. ती बरं म्हणाली. आई समजूतदार आहे.

१९ मे
स्टुडिओत पहिली मीटिंग. निर्मात्या नामेकावाबाईंनी कागद वाचले आणि विचारलं, याला नक्की हवंय तरी काय? मी म्हटलं, जगाचा नाश. बाई म्हणाल्या, मग हा राहणार कुठे?

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. त्याचा दुःखद भूतकाळ पुढे सरकवला. चांगला सात पानी आहे. आई लहानपणी वारलेली, गाव जळालेलं, कुत्रासुद्धा मेलेला. दिग्दर्शक तोकिता म्हणाला, होझुमीसान, असा माणूस तुम्हाला कधी भेटलाय का? (हा तोकिता एके काळी माझ्या हाताखाली होता. मीच त्याला शिकवलं.) मी म्हटलं, नाही भेटला, म्हणून तर लक्षात राहील. मग दोघंही खाली बघून सातूचा चहा पीत बसले. विचारात पडले असणार.

२४ मे, रविवार
खलनायकाचं हसू नटावर सोपवून चालत नाही. ते लेखकाच्या घशातून यावं लागतं. सकाळभर सराव केला. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर आल्या आणि म्हणाल्या, पोटात कळ येतेय का हो? डॉक्टरांना बोलावू? जाताना खारवलेल्या आलुबुखारांची बरणी ठेवून गेल्या.

घसा बसला. अशा घशाने चिचिबूपर्यंत प्रवास करणं बरं नाही.

३ जून
सामान्य प्रेक्षकाचं मत घ्यायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या नूडलवाल्याला विचारलं, तुम्हाला कुठला खलनायक आठवतो? त्याने झारा खाली ठेवला. मग म्हणाला, लहानपणी एका मालिकेत एक मास्तर होते. फार प्रेमळ. पोरांना गोळ्या द्यायचे. त्यांचं हसणं अजून आठवलं की पाठीत शिरशिरी येते.

शिंगं होती का? नव्हती. जग बुडवायचं होतं का त्यांना? छे हो, वर्गात त्यांना सगळे शांत हवे होते, बस. मास्तरांचं नाव? ते काही त्याला सांगता येईना.

नाव आठवत नाही आणि म्हणे लक्षात राहिले! याला प्रेक्षक म्हणता येणार नाही. नूडल्सही आज कच्च्या होत्या.

९ जून
शिगान ओरडतो फार, अशी तक्रार. तोकिता म्हणाला, ओरडणारा माणूस स्वतःच टरकलेला असतो हो. जो खरंच जीव घेणार ना, तो अदबीने बोलतो. समोरच्याची विचारपूस करतो.

नामेकावाबाई त्याहून गोड आवाजात म्हणाल्या, तिसऱ्या भागापर्यंत याची भीती वाटली नाही, तर शिगानला आपण जरा मागे ठेवू, आणि पुढचे भाग दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. तुम्हालाही तेवढीच विश्रांती.

 मी वरकरणी शांतपणे म्हटलं, माझ्याही मनात अगदी हेच होतं.

१३ जून
सभ्य खलनायक. एक ओळ सुचेल तर शपथ. शिगान तोंड उघडतो आणि पोस्टातल्या कारकुनासारखा बोलतो. हा शिगान गेला की मी गेलो. या वयात नवं काम कोण देणार?

१४ जून, रविवार
सकाळी आईचा फोन. पावसाळी हवेने गोधडीला बुरशीचा वास यायला लागलाय, ऊन पडलं की आपण दोघं मिळून बाहेर काढू या का, म्हणाली. मी म्हटलं, थांब हं, तू हात लावू नकोस, मी येतोच. बरं म्हणाली.

फोन ठेवला आणि काय आश्चर्य! एका दमात तिसऱ्या भागाचा प्रसंग उतरला. इतोहाची धाकटी बहीण कोरड्या विहिरीत पडलेली. शिगान वरून वाकतो आणि मायेने म्हणतो, थांब हं, कुठे जाऊ नकोस, मी येतोच. आणि विहिरीवर झाकण सरकवतो. बस. ना हसणं, ना गर्जना. माझ्याच अंगावर काटा आला.

अशी वाक्यं कुठून येतात ते लेखकालाही सांगता येत नाही. कामाच्या भरात चिचिबू राहिलं, पण आज त्याला इलाज नव्हता.

२५ जून
घात झाला.

आज तिसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग. चित्रं नेहमीसारखीच अर्धवट. पडद्यावर पेन्सिलीने काढलेली विहीर आणि झाकण सरकवणारा एक हात, एवढंच. माझं नवं पान ऐन वेळी सगळ्यांच्या हातात दिलं गेलं. बोलणाऱ्याचं नाव मी पूर्ण लिहीत नाही, पहिलं अक्षर पुरतं. शिगानचं 'शि'. खिंडीत चहाचं दुकान चालवणारी एक म्हातारी आहे, त्सुने मावशी, तिचं 'त्सु'. आता आमच्या लिपीत ही दोन अक्षरं जुळ्या बहिणी. दोन फराटे आणि एक बाक. फराटे एकाखाली एक आले की शि, शेजारी शेजारी आले की त्सु. माझे फराटे अगदी स्पष्ट होते. ऑफिसातल्या टाइप करणाऱ्या मुलीने शिगानची ओळ त्सुनेच्या नावावर घातली.

बरं, वाक्यावरून कळावं, तर आमच्या क्रियापदाला बाई-बाप्या कळत नाही. शिगानचा नट घसा खाकरून उभा. तेवढ्यात हिराओकाबाई पुढे झाल्या. त्सुने मावशीचा आवाज त्यांचा. पहिल्या दोन भागांत चहा ओतण्यापलीकडे त्यांना काम नव्हतं. गरम चहा पुढे करावा तशा मायेने त्या म्हणाल्या, थांब हं, कुठे जाऊ नकोस, मी येतेच.

 रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचे हेडफोन काढले. नामेकावाबाई दंड चोळत होत्या. शेवटी हिराओकाबाईच घाबरून म्हणाल्या, अगं बाई, माझं काही चुकलं का?

मी उठून सांगितलं की चूक झाली आहे, ओळ शिगानची आहे, पुन्हा घ्या. तोकिता माझ्याकडे न बघता म्हणाला, होझुमीसान, पण मग आता शिगान कशाला हवाय?

२ जुलै
मुख्य खलनायिका त्सुने मावशी. शिगान तिचा गडी. सात पानी भूतकाळ रद्द. चार शिंगं रेखाटायला वेळ लागतो म्हणून एकच ठेवलं. पुढच्या सगळ्या भागांत मिळून त्याला एकच वाक्य आहे: हो, मावशी.

पुढचे भाग मात्र माझ्याकडेच राहिले. नामेकावाबाईंनी कमरेत वाकून अभिनंदन केलं. म्हणाल्या, हे असलं बोलणं तुम्हाला सुचतं कसं? मी म्हटलं, माणसांचा अभ्यास. टाइप करणाऱ्या मुलीचा विषय मी मोठ्या मनाने काढला नाही.

घरी येऊन वहीतल्या शिगानची तीन शिंगं पुसली. वाईट वाटलं. पोरासारखा वाढवला होता.

१९ जुलै, रविवार
ऊन मरणाचं. चिचिबू रद्द. आईचे फोन हल्ली येत नाहीत. माझ्या कामाचं ओझं तिला कळलं असावं.

१३ ऑगस्ट
पितरांचे दिवस. सगळं तोक्यो गावी गेलंय. अशा गर्दीत जाण्यात अर्थ नाही. वडिलांना इथूनच हात जोडले.

२० सप्टेंबर, रविवार
निघालो होतो. अगदी स्टेशनपर्यंत गेलो. मग वाटलं, आता थंडी येईलच. टेबल माळ्यावर टाकायचं आणि महिन्याभरात परत खाली काढायचं, हा शहाणपणा नव्हे. म्हणजे मे महिन्यात गेलो नाही तेच बरं झालं.

२२ ऑक्टोबर
काल तिसरा भाग दाखवला. आज सगळीकडे त्सुने मावशी. 'थांब हं' म्हणून पोरं एकमेकांना घाबरवताहेत. नूडलवाला मला बघताच ओरडला, अहो, काय बाई आहे ती! त्सुने! नाव घेतलं तरी शहारा येतो. मी विचारलं, आणि शिगान? तो म्हणाला, तो कोण? मी म्हटलं, शिंगवाला. म्हणाला, अच्छा, तो बैल होय?

२५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी दहा
आईला फोन केला. विचारलं, बघितलंस? म्हणाली, बघितलं रे तात्सू. शिंगवाल्याची कीव आली, बिचारा. पण ती चहावाली... ती बोलायला लागली आणि मी टीव्ही बंद केला.

 आजवर माझ्या कामाला आईने एवढी दाद दिली नव्हती. म्हटलं, आई, ते वाक्य माझं आहे बरं का. शब्दन् शब्द.

ती म्हणाली, माहीत आहे.

मी विषय बदलला. विचारलं, थंडी पडली का? म्हणाली, पडली. कोतात्सू? म्हणाली, ते कुठे जातंय, होतं तिथेच आहे, पाय घालूनच बसलेय. गोधडीला वास येतो, पण होते सवय. मला एकदम घरातला तो वास आला. घाईघाईने म्हटलं, आई, तू थांब हं...

आणि थांबलो.  मग मी म्हटलं, म्हणजे, रविवारी येतो. नक्की.

ती म्हणाली, आज रविवारच आहे, बाळा.

इकेबुकुरोहून चिचिबूची गाडी आहे. आत्ता निघालो तर जेवायच्या वेळेला पोचेन. कोट घातलाय. घालायला बूटही काढून ठेवलेत. आधी एवढं लिहून घेतो.

सायंकाळी पाच
लिहून झालं. बाहेर अंधार पडलाय.