फियाटच्या मडगार्डात पऱ्हाटी

मु. तामसी, भाद्रपद

तीर्थरूप दाजी,

दोन्ही हात पुट्टीनं माखले आहेत, म्हणून हा नमस्कार कोपरापासून करून राह्यलो, गोड मानून घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? रेणुकाताईची साखर? (खरंच मोजते का नुसतं मोजली म्हणून सांगते?) तामसीचं नाव काढलं का ती अजूनबी गप्प होते का? आमी इकडं ठीक आहो. सोयाबीन बरं आहे, कापूस बरा आहे, आमची लक्ष्मी सुनयना माझ्याशी बोलत नाई, बाकी सगळं ठीक. तुमी म्हणसान, फोन असताना पत्र काऊन? फोनवर तुमी मधीच "मुद्द्याचं बोल" म्हणता जी, अन मी घाबरून खरं बोलून बसतो. पत्रात माणसाले दमानं मुद्द्यापाशी येता येते.

मुद्दा तुमच्या फियाटचा. नागपूरच्या फ्लॅटखाली जागा नाई म्हणून तुमी ती चार दिवसांसाठी आमच्या गोठ्यात ठेवली, त्याले किती वर्षं झाली ते मी काढत नाई. ज्या गाडीत बसून रेणुकाताई आमच्या अंगणातून सासरी गेली, त्याच गाडीत बसून मी जाईन, असं तुमची मयूरी धरून बसली. अन तुमी म्हणालात, दसऱ्यापर्यंत गाडी धड झाली तं ठीक, नाई तं भंगारात टाक, मी पांढरी मोठी गाडी भाड्यानं आणतो. त्यावर पोरगी माले फोन करून रडली. मी म्हणालो, मामा आहे ना, काळजी करू नको. दाजी, माणसानं मामा खुशाल व्हावं, पण काळजी करू नको म्हणू नये.

इंजिन चांगलं आहे, खोटं काऊन बोलू? पण डाव्या मडगार्डावर रुपयाएवढा फोड दिसला. म्हणलं जरासं खरवडू. स्क्रूड्रायव्हर टेकवला तं तो आरपार गेला, अन त्याच्यामागं माझी मूठही गेली. आतून हाताले चाक लागलं! मंग आदिलाबादहून बंडू डेंटरले आणलं. त्यानं गाडीले चक्कर मारली, बोटानं टकटक केलं, दोन खेपा चहा घेतला अन म्हणे, काका, सडलेला पत्रा कापून नवा जोडा लागते. म्हणलं, जोड बाप्पा. तं म्हणे, दिवाळीनंतर पाहू. (दिवाळीनंतर लग्न आहे, हे त्याले चहाच्या दोन्ही खेपांले सांगतलं होतं.) तवा मी ठरवलं का आपणच पुट्टी भरू. मोबाईलवर पाह्यलं तं एक माणूस गाणं लावून, हसत हसत गाडी गुळगुळीत करून राह्यला होता. त्याच्या कपड्याले डागही नव्हता. तितंच माले समजाले पाह्यजे होतं.

पुट्टीच्या डब्यासोबत एक लाल नळी येते, तिच्यातलं हार्डनर मिसळलं का पुट्टी घट्ट होते. दुकानदार तेलुगूत "कोंचेम, कोंचेम" म्हणजे थोडंसंच टाका म्हणून मागं ओरडत होता, पण मी म्हणलं, दह्याले विरजण जास्त लावलं तं काय बिघडते? वैशाखाचं ऊन, सुनयनाची भाकरीची परात, अन त्यात अर्धी नळी. गोळ्यानं माले हातही घालू देल्ला नाई, परातीतच दगड झाला. छिन्नी लावली, परात रॉकेलात भिजवली, नाई म्हणजे नाई. आता सुनयना माले त्याच परातीत वाढते. भाकर त्या टेकडीले टेकून ठेवते, अन वरण टेकडीच्या पलीकडं जाते. ती एक शब्द बोलत नाई, तुमीच सांगा, याच्यापेक्षा शिव्या देल्ल्या असत्या तं बरं नव्हतं का?

दुसऱ्या डब्याले विरजण बेतानं घातलं, पण मडगार्डाच्या भोकामागं आधारच नाई, पुट्टी लावली का आत पडे. आता भोकात काई तरी कोंबा लागते. इकडंतिकडं पाह्यलं. दाजी, आपण कापसाची माणसं. भाव येईन म्हणून खोलीभर कापूस घरात पडलेला. ओंजळीनं आणला अन दाबून दाबून भरला, सरकीसकट (सरकी कोण काढत बसते?), वरून पुट्टी. मंग पाणी लावून लावून घासपेपर मारला, तोही दिवसभर. काय गुळगुळीत झालं म्हणता! तुळजाबाई शेजारीण हात फिरवून गेली, म्हणे, नवी घेतली काय?

पुढं मिरगाचा पाऊस लागला. गोठा गळते हे तुमाले माहीतच आहे. पुट्टी पाणी पिते हे मातर माले माहीत नव्हतं. आधी मडगार्डावर बारीक तडा गेला. मंग एका सकाळी त्या तड्यातून हिरवं काई तरी डोकावून राह्यलं होतं. माले वाटलं नाकतोडा आहे, फुंक मारली, तो उडाला नाई. चष्मा लावून पाह्यलं तं दोन पानं! कोंबलेल्या सरकीतून तुमच्या फियाटच्या मडगार्डात पऱ्हाटी, कापसाचं जितं झाड, उगवली जी. गावभर बोभाटा झाला. तुळजाबाईनं हळदकुंकू वाह्यलं. बंडू, जो पत्रा जोडाले येत नव्हता, तोही पाहाले खास बसनं आला अन म्हणे, काका, थोडा युरिया टाका. वावरातल्या पऱ्हाटीले बोंडअळी लागली, पण या बयेले एक किडा नाई, आता फुलाच्या पात्याही धरल्या.

तरी मी हिंमत करून परवा गाडी भीमपूरच्या रस्त्यानं काढली. उजव्या बाजूच्या भोकांलेबी पुट्टी भरली होती, ती पहिल्याच गतिरोधकावर अख्खी खाली उतरली, घरावरचं कवेलू उतरावं तशी. माले पत्ताच नाई, मी हॉर्न वाजवत पुढं. मागून येणाऱ्या बसच्या कंडक्टरनं ती उचलून घरी आणून देल्ली. डावं मागचं दारही उघडत नाई, त्याची फट मी भोक समजून भरली होती.

थकलो दाजी. रात्री डोळे मिटले का घासपेपरचा आवाज येते. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगाले रंग लावताना माझा हात आपोआप घासाले लागला, बैलानं माले असं पाह्यलं का काय सांगू. तुमीच काय तो निर्णय घ्या. भंगारवाल्याले मी अजून बोलावलं नाई. आमचं काई म्हणणं नाई.

तुमचा दमलेला साळा,
नागोराव

ता.क. म्हणणं एक आहे. ही गाडी नागपूरपर्यंत येत नाई, येता येता रस्त्यावर वाटून संपते. पण आमच्या अंगणापासून वेशीवरच्या मारोतीपर्यंत ती नक्की जाते, मी तीनदा नेऊन पाह्यली. म्हणून मयूरीचं लग्नच तामसीले करा. पोरगी अंगणातून फियाटमधी निघंन, वेशीवर तुमची पांढरी गाडी उभी ठेवा, तिच्यात बसून पुढं जाईन. पोरीची अन तुमची, दोघांचीबी हौस होते. नवरदेवाकडचे पांढरकवड्याचे, त्याईले नागपूरपेक्षा तामसी जवळ.

दुसरा ता.क. रागावू नका. मयूरीले मी आधीच विचारलं. पत्रिका छापाले गेल्या आहेत. सुनयना "छापा" एवढा एकच शब्द बोलली, चार महिन्यांतला पहिला.

तिसरा ता.क. हे ताईले वाचून दाखवा. आई गेल्यापासून ती म्हणते, दारात वाट पाहाले कोणी नाई तं माहेरी कशाले जाऊ? ताई, माले तुझी लय आठवण येते. तू वेशीपर्यंत ये, तितून घरापर्यंत तुले फियाटमधीच आणतो. डाव्या दारानं उतरू नको, ते बुजलं आहे. उजव्या बाजूनं उतर, मी तितंच उभा राहीन.